अकरा जनावरं आणि एकच घर

जावा शिकवणाऱ्या त्या वर्गात पहिले सहा दिवस आम्ही कॉम्प्युटर चालूच केला नाही. समास आखले. डावीकडे दोन बोटं, वर एक बोट, लाल पेननं. सर रांगेरांगेनं फिरून समास बघायचे आणि ज्याचा वाकडा असेल त्याला पान फाडायला लावायचे. मला वाटलं, मशीनला वाकडा समास चालत नसेल. माझं शिक्षण आठवी, मला काय कळणार? मी खोलीवर जाऊन पूर्ण वही पुन्हा आखली. पुढं कळलं की मशीन समासाकडे ढुंकूनही बघत नाही. समास सरांना लागायचा, कारण त्यांना एवढंच तपासता येत होतं.

आठवी हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. कुणी नंतर विचारेल म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा ते बरं. आश्रमशाळेच्या कुंपणावरून उडी मारून घरी आलो आणि परत गेलो नाही. घर म्हणजे एटापल्लीच्याही पुढं. बस जिथं संपते तिथून दोन तास पायी. तिथं सहा वर्षं मी गावाची गुरं राखली. मग घुग्घुसला आलो आणि कोळशाच्या ट्रकांवर चढून ताडपत्री बांधायला लागलो. माझी मराठी अर्धी शाळेची आणि अर्धी ट्रकवाल्यांची आहे, ती तशीच घ्यावी.

ज्या बाईंकडे मी भाड्यानं राहतो त्या खाणीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करतात. सकाळी भिंतीवरच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायची, मग कामाला जायचं, संध्याकाळी येऊन पोरांच्या वह्या बघायच्या, असं त्यांचं घर. पोरं मोठी होऊन नोकरीला लागली तरी ही सवय गेली नव्हती. तपासायला वही उरली नाही म्हणून बहुतेक माझ्यावर नजर पडली. चंद्रपूरला फुकट कॉम्प्युटर शिकवतात, सकाळचा वर्ग आहे, तुझं काम दुपारनंतर, असं त्यांनीच शोधून आणलं. मी म्हणालो, मले नाई जमत बाई. त्यांनी ऐकलंच नाही. सुट्टी टाकून माझ्यासोबत बसनं चंद्रपूरला आल्या.

वर्ग एका टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिन्यातच रबराचा वास. सरांनी माझा शाळेचा दाखला उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, दहावी लागते. मी लगेच दाखला परत घ्यायला हात पुढं केला आणि धन्यवाद सर म्हणालो. नाही म्हटल्याबद्दल धन्यवाद! असा मी. पंखा लावला तरी धन्यवाद म्हणतो.

बाईंनी माझा हात खाली केला. "बारीक आवाजात नको बोलू. भीक मांगायले नाई आलो आपण." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, याले एक महिना बसू द्या. नाई जमलं त मीच घेऊन जाईन."

सरांनी महिना दिला. ते उपकार मी नाकारत नाही, आणि पुढं जे लिहिणार आहे ते सगळं त्या उपकारात राहूनच लिहितो. अट सरळ होती. महिन्याच्या शेवटी प्रॅक्टिकल. स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम चालवून दाखवायचा. चालला तर माझं नाव वरच्या ऑफिसला जाणार आणि पुढचे पाच महिने माझे. नाही चालला तर खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला. बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. माझं काही नव्हतं, मी पुन्हा ताडपत्री बांधली असती. ती मी तशीही बांधत होतो. पण बाईंना पुन्हा त्या जिन्यावरून मला न्यायला यावं लागलं असतं, ते मला नको होतं.

सातव्या दिवशी मशीन चालू झालं. वीस होती, त्यातली बारा चालत होती, म्हणून एका मशीनवर दोघं. माझ्या जोडीला मुलचेऱ्याकडची एक बंगाली पोरगी आली, बारावी सायन्स. तिचे आजा-आजी तिकडं येऊन वसले, ती इथलीच; माझ्यापेक्षा चांगली मराठी तिची. मी तिला मॅडम म्हणायचो आणि ती चिडायची. "दादा, मॅडम म्हणू नका, मले म्हातारं वाटते."

आणि मग ते शिक्षण. जावा ही कॉम्प्युटरची मोठी मानपानाची भाषा आहे. तिला नमस्काराच्या चार ओळी घातल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन. याचा अर्थ काय असं एकानं विचारलं तर सर म्हणाले, ते असंच लिहायचं असतं. वीस बावीस माणसं रोज सकाळी ते असंच लिहायची, आणि एकालाही त्यातल्या एका शब्दाची ओळख नव्हती. आमच्याकडं पुजारी मंत्र म्हणतो तेव्हा निदान कोंबडा तरी मिळतो.

पुस्तकातली उदाहरणं तर विचारूच नका. एक गाडी. तिला चार चाकं. एक कुत्रा. तो भुंकतो. कुत्रा भुंकतो एवढं पडद्यावर उमटवायला चौदा ओळी लागायच्या. आमचं कुत्रं एका दगडात भुंकतं. मग मांजर, ते म्याव करतं, आणि दोघंही प्राणी आहेत, याला इनहेरिटन्स म्हणतात, लिहा. मोठमोठी, मिशा फुटलेली माणसं हे वहीत उतरवत होती, समास सोडून. त्या भाषेचे चार खांब आहेत म्हणे. ते आम्ही पाढ्यासारखे एका सुरात म्हणायचो. माझ्या मागं एक ग्रॅज्युएट झालेला बसायचा, तो चारही खांब डोळे मिटून म्हणायचा. मशीनवर मात्र त्याचं बोट एन्टर शोधत फिरायचं. मी त्याला मनातल्या मनात हसायचो, तेही जपून, कारण मला खांबही येत नव्हते आणि एन्टरचीही भीती वाटायची. एन्टर दाबण्याआधी मी डोळे मिटायचो. उघडले की लाल अक्षरं.

त्या लाल अक्षरांवर वर्गाकडं एक औषध होतं. इंग्रजीत काहीतरी तक्रार यायची आणि तिच्यात स्टॅटिक हा शब्द असायचा. ती दिसली की सर लांबूनच म्हणायचे, "स्टॅटिक लावा." ज्या शब्दावर तक्रार आहे त्याच्या आधी स्टॅटिक लिहायचं. लाल गायब. सगळे लावायचे. तापावर, पोटदुखीवर, मुका मार लागला त्यावर, एकच गोळी. वहीत ते सरांनी चौकटीत लिहून दिलं होतं.

क्लास आणि ऑब्जेक्ट एवढंच मला शिकवलं त्याच दिवशी कळलं, आणि मला कळलं म्हणून मी घाबरलो. सरांनी सांगितलं, क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून काढलेली एक-एक वस्तू. साच्यात लिहिलेलं असतं की खूण असेल, घर असेल. प्रत्येक वस्तूची खूण वेगळी, घर वेगळं. हे मी सहा वर्षं करत होतो. सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेर जिथं सगळी गुरं जमतात तिथं, प्रत्येक घरातून जनावर यायचं. जनावर म्हणजे जनावर, सगळ्यांना चार पाय. पण ही कानफाटी कोतवालाची, तो एकशिंग्या चिचेजवळच्या घरचा, ही तांबडी विहिरीकडची. संध्याकाळी ज्याचं त्याच्या दारात पोहोचवायचं. ढोरक्याला दुसरं काय काम?

वर्गात सगळे विद्यार्थी नावाचा क्लास लिहायचे, कारण सरांच्या नोट्समध्ये तोच होता. साचा विद्यार्थी, आणि त्यातून काढलेला विद्यार्थी एक. फक्त एक. रोल नंबर एक, मार्क पंच्याऐंशी. त्या खोलीत कुणी पंच्याऐंशी मार्क जन्मात पाहिले नव्हते, पण बारा मशीनवर बारा वेळा पंच्याऐंशी उमटायचे आणि सर पाठ थोपटायचे. मला हे कळेचना. एकाच पोरासाठी शाळा कोण काढतं? गावात एकच गाय असेल तर ढोरकी कोण ठेवतं? मला एवढा तिटकारा आला की मी ठरवलं, प्रॅक्टिकलला आपण गुरं लिहायची, एक नाही, अकरा. भित्र्या माणसाचा माज असाच बिनकामाच्या जागी वर येतो.

तीन आठवडे रोज थोडं-थोडं लिहिलं. पोरगी स्पेलिंग सांगायची, अर्धविराम कुठं राहिला ते बोटानं दाखवायची. अकरा जनावरं झाली. अकरावी होती गावच्या टोकाला राहणाऱ्या एका बुढीची शेळी. बुढीकडं गोठा नव्हता. ओसरीवरच्या खांबाला ती शेळी बांधायची. प्रोग्रामच्या शेवटी संध्याकाळ व्हायची आणि प्रत्येक जनावर आपल्या घरी जायचं. एवढंच.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी मी घरी जाण्याची ती शेवटची ओळ लिहिली आणि लाल आलं. घर या शब्दावर तक्रार. स्टॅटिक हा शब्द त्यात होताच. मी विचार केला नाही. साच्यातल्या घर या शब्दाआधी स्टॅटिक लावलं. लाल गेलं. मी डोळे मिटून एन्टर दाबलं.

कानफाटी, बुढीच्या ओसरीवर. एकशिंग्या, बुढीच्या ओसरीवर. तांबडी, बुढीच्या ओसरीवर. अकराच्या अकरा त्या एका खांबाला.

पोरगी पुढं वाकून बघत राहिली. "दादा, कोतवालाची गाय बुढीच्या घरी काऊन चालली? तुमच्या गावात सगळ्यायचं एकच आधार कार्ड आहे का?" तिला हसू आवरत नव्हतं. मग माझं तोंड बघून तिनं आवरलं.

आम्ही स्टॅटिक काढलं, लाल आलं. लावलं, सगळे बुढीकडं. वर्गात दुसऱ्या कुणाचं असं होत नव्हतं. स्टॅटिक सगळ्यांनी लावलं होतं. पण त्यांच्याकडं विद्यार्थी एकच. तो चुकून कुणाच्या घरी जाणार? रोग सगळ्या वर्गाला होता. दिसला तो फक्त माझ्या अंगावर, कारण मोजायला माझ्याकडं अकरा होती.

सर रजिस्टर घेऊन आले. पडदा वाचला, कपाळाला आठी पडली. का झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी वाट बघत होतो की सांगतील. ते म्हणाले, "इतके कशाले केले? एक ठेव, बाकीचे काढून टाक."

मी म्हणालो, सर, पण ते आपल्या घरी जात नाही आहेत.

"एक राहिला तर आउटपुट बरोबर येते ना? मग झालं. पाच मिनिटं आहेत, पहाय बाबा."

मी काढली. दहा. कानफाटीपासून सुरू करून एकेक ओळ काळी केली आणि पुसली. बुढीची शेळी तेवढी राहिली. एन्टर. शेळी, बुढीच्या ओसरीवर. एक जनावर, एक घर, बरोबर. सरांनी रजिस्टरमध्ये खूण केली आणि म्हणाले, संध्याकाळी नाव पाठवून देतो. मी उठून उभा राहिलो आणि थँक्यू सर म्हणालो. जिन्यापाशी ते पुन्हा दिसले तेव्हा परत म्हणालो. समासवाल्या माणसाला दोनदा थँक्यू! त्याच्यावर हसायचा हक्क मला कुठं उरला होता?

त्या दिवशी माझी सुट्टी होती. बाई कॅन्टीनमधून लवकर आल्या होत्या आणि त्यांनी अंडी आणली होती. मी पास झाल्याचं सांगितलं तर त्यांनी रोज दोन भाकरी टाकतात तिथं चार टाकल्या. अजून उजेड होता. दारातून ट्रकांची धूळ आत येत होती. ताट समोर आलं आणि मला जेवता येईना.

आमच्या गावात ढोरक्याचा एक नेम आहे. संध्याकाळी एखादं जनावर आलं नाही तर ढोरक्यानं स्वतः त्या घरी जाऊन दारात उभं राहून सांगायचं. दुसऱ्याच्या तोंडून निरोप चालत नाही. आणि जनावर सापडेपर्यंत त्या घरचं खायचं नाही. ढोरक्याला रोज एकेका घरचं जेवण मिळतं, त्यामुळं हा नेम कागदावर नसला तरी पोटावर असतो. सहा वर्षांत मी तीनदा असा दारात उभा राहिलो होतो. शिव्या खाल्ल्या होत्या. पण न सांगता कधी जेवलो नव्हतो.

मी ताट बाजूला सारलं आणि बाईंना सांगितलं. क्लास, ऑब्जेक्ट काही सांगितलं नाही. अकरा होती, सगळी एकाच घरी चालली होती, दहा पुसली आणि पास झालो, एवढंच.

बाई चुलीसमोरून उठल्या नाहीत. "म्हणजे दहा जनावरं रानातच सोडून आला."

"हो."

"मग मले काऊन सांगून राह्यला? माह्या घरची होती का ती?"

मी म्हणालो, सरांना सांगितलं तर नाव कापतील.

"कापू दे. मी येईन पुन्हा जिना चढून. माहे पाय काही दुखत नाई." मग ताट माझ्यापुढं सरकवत म्हणाल्या, "या घरचं जनावर नाई हरवलं तुह्यं. जेव."

जेवलो. पण रात्र कशीबशी काढली.

सकाळच्या बसमध्ये, उभ्यानं, मी मनात ती दहा जनावरं शोधत होतो. आखरावर संध्याकाळी मी काय करायचो? मी कधी नुसतं "घर कुठी?" असं कळपाकडं बघून विचारलं होतं का? कळपाला घर नसतं. कानफाटीचं घर कुठी, एकशिंग्याचं घर कुठी, असंच विचारायचो. माझ्या त्या शेवटच्या ओळीत मी नुसतं घर असं लिहिलं होतं. कुणाचं, ते नव्हतं. मशीन तेच विचारत होतं, लाल अक्षरांत, दर वेळी: घर, पण कुणाचं? आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडात स्टॅटिक कोंबत होतो, म्हणजे, सगळ्यांचं एकच, जे शेवटी लिहिलं ते, गप बस.

वर्ग सुरू व्हायला वीस मिनिटं होती. पोरगी आली होती. दहाच्या दहा जनावरं पुन्हा लिहिली. स्टॅटिक काढलं. शेवटच्या ओळीत घरच्या आधी जनावर लिहिलं आणि मधे एक टिंब. एकच ओळ, अकरा जनावरांसाठी. लाल आलं नाही. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. कानफाटी कोतवालाकडं गेली. एकशिंग्या चिचेजवळ. तांबडी विहिरीकडं. आणि बुढीच्या ओसरीवर एकटी शेळी.

पोरगी म्हणाली, "चला, बुढी सुटली एकदाची."

मी सरांच्या केबिनच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत गेलो नाही, सवय. म्हणालो, सर, काल मी दहा पुसून पास झालो, ते बरोबर नव्हतं, आता सगळी आपापल्या घरी जातात, पण ते आजचं आहे, कालचं नाही. नाव कापायचं असेल तर कापा. माझा आवाज बारीक होता. बाईंनी ऐकला असता तर रागावल्या असत्या.

सर म्हणाले, नाव गेलं काल, आता कापायला वेळ कोणाकडं आहे. मग म्हणाले, "काय केलं तू?"

"स्टॅटिक काढलं, सर."

"मग एरर नाई आली?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते मला तपासत नव्हते. ते विचारत होते. किती बॅचना त्यांनी ती चौकट लिहून दिली होती कोण जाणे, आणि ती का लागते हे त्यांना त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी उठून मशीनपाशी येऊन पाहिलं, मला पुन्हा लावायला लावलं, पुन्हा काढायला लावलं. टिंबावर बोट ठेवलं. "अच्छा," म्हणाले. दोनदा. त्या एका क्षणी मला ते माणूस म्हणून बरे वाटले. त्यांच्या जागी मी असतो तर पोराला हाकलून दिलं असतं.

तो क्षण काही फार टिकला नाही. पुढच्या सोमवारी नवीन नोट्स आल्या. स्टॅटिकची चौकट होती तशीच होती, कारण ती आधीच्या पानावर होती आणि आधीचं पान छापून झालेलं होतं. पण खाली नवीन उदाहरण होतं, सरांनी स्वतः तयार केलेलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. विद्यार्थी एक, विद्यार्थी दोन, असे अकरा विद्यार्थी. प्रत्येकाचा पत्ता वेगळा. सर एकेक वाचत होते आणि वर्ग लिहीत होता. पहिला राहायचा सिव्हिल लाइनला, दुसरा स्टेशनजवळ, सगळे चांगल्या वस्तीतले. अकरावा विद्यार्थी, रोल नंबर अकरा, मार्क पंच्याऐंशी, बुढीच्या ओसरीवर.

ते बदलायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. पोरीनं वहीत तोंड खुपसलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मागच्या ग्रॅज्युएटनं सरांना ओसरी ऱ्हस्व की दीर्घ ते विचारलं.

मी हात वर केला नाही. माझे पाच महिने त्या माणसानं दिले होते. मी ते अकरावं पोर उतरवून घेतलं. समास सोडून.